गयाआत्यानं अडवलेला हुंकार

शनिवार, ८ डिसेंबर १९७३. मामला दहा गुणांचा. मिळालेले गुण शून्य. हजर: शाळेचे हेडमास्तर, इंग्रजीचे सर, मी आणि माझी थोरली मुलगी सुलोचना. खोलीत खुर्च्या चार होत्या. चौथीवर हजेरीपटांचा गठ्ठा होता, म्हणून सुलोचना उभी राहिली. तो गठ्ठा उचलून खाली ठेवावा असं कोणाला वाटलं नाही.

त्या गोष्टीला या महिन्यात सहा वर्षं झाली. एवढ्या काळात माणूस शांत होतो म्हणतात. मी झालो नाही. दर वर्षी थंडी पडली, घराघरात कापूस येऊन पडला, की वस्तीतली पोरं गोधड्या पांघरून ओट्यांवर इंग्रजी घोकायला बसतात आणि माझं डोकं पुन्हा तापतं. काल धाकटी प्रभा घोकत होती. मधल्या काळात अभ्यासक्रम बदलला, पुस्तक बदललं, अकरावीची मॅट्रिक दहावीवर आली. सुलोचनाच्या धड्यात जमीनदार होता, प्रभाच्या धड्यात व्यापारी आहे. गाईडातलं वाक्य मात्र तेच. 'ही वॉज अ काइंड अँड जनरस मॅन.' तो दयाळू आणि उदार माणूस होता.

मी विचारलं, "काय देल्लं त्यानं? कोणाले देल्लं?"

"मालूम नाई बाबा. उत्तर एवढंच हाय."

उत्तर एवढंच आहे. आठ गुणांपैकी सहा पक्के. प्रश्न कोणी विचारला, कशासाठी विचारला, याच्याशी पोरीचं काही देणंघेणं नाही. तिचा दोष नाही. तिला तसंच शिकवलं आहे.

मी सोसायटीत हिशेब लिहितो. सातवीपर्यंत शिकलो. इंग्रजी मला आकड्यांपुरतं आणि सहीपुरतं येतं. तेव्हा इंग्रजी धड्यांवर मी बोलणं कोणाला आगाऊपणाचं वाटेल. वाटू द्या. कोणी नुसती जमा सांगून खर्च गिळत असेल तर मला ते कळतं, आणि त्यासाठी भाषा यावी लागत नाही.

तो हंगाम मला वासासकट आठवतो. दुष्काळानंतरचं ते पहिलं पीक होतं. आदल्या वर्षी आमच्या वस्तीतल्या बायांनी रिठदच्या बाजूला रस्त्यावर खडी फोडली होती. त्यांच्या बोटांची नखं त्या दिवाळीपर्यंत नीट आली नव्हती. त्याच बोटांनी त्या वर्षी कापूस वेचला. घरात पाय ठेवायला जागा नव्हती. ओसरीत, मधल्या खोलीत, चुलीपासून दोन हातांवर, सगळीकडे पांढरं. ढिगात हात घातला की कोपरापर्यंत ऊब चढे. वाळलेल्या पात्याचा वास, सरकीचा थोडासा तेलकट वास, धूळ, आणि वर चुलीवर मिठाच्या पाण्यात शिजणाऱ्या तुरीच्या शेंगा. संध्याकाळी बाया ढिगाभोवती बसत आणि कापसातली पत्ती काढत. हात कामात, तोंड मोकळं. म्हणून गोष्टी.

आमच्याकडे गोष्ट सांगायची एक रीत आहे. सांगणाऱ्यानं सांगायचं आणि ऐकणाऱ्यांपैकी एकानं दर वाक्याला हुंकार द्यायचा. "एक राजा होता." "हूं." "त्याले दोन राण्या." "हूं." हुंकार थांबला की गोष्ट थांबते. ऐकणारा झोपला असेल तर त्याला हलवतात. पण तो जागा असून हुंकार देत नसेल, तर त्याचा अर्थ वेगळा. मला हे पटलं नाही, आधी याचा निवाडा कर, मग पुढं जा. सांगणाऱ्याला मागं जाऊन गोष्ट दुरुस्त करावी लागते, नाहीतर ढिगाभोवतीच्या सगळ्या बाया मिळून त्याची फजिती करतात.

आमच्या वस्तीत हुंकाराचा मान माझ्या थोरल्या बहिणीचा. तिचं नाव गया. सुलोचनाची आत्या, म्हणून सगळ्या वस्तीची गयाआत्या. नवरा लवकर गेला, मूल नाही, भिंतीला भिंत लावून आमच्याशेजारी राहते. अक्षर ओळखत नाही. मला अजून नाम्या म्हणते, चार लोकांत म्हणते.

मॅट्रिकचा फॉर्म भरण्याआधी शाळा जी परीक्षा घेते, तिच्या आधीची ती संध्याकाळ. सुलोचना पत्ती काढता काढता इंग्रजीचा धडा पाठ करत होती. आत्या म्हणाली, "एकटीच काय पुटपुटून राह्यली वं सुले? आमालेबी सांग ना."

"इंग्रजी हाय आत्या."

"मंग काय झालं? त्याइची गोष्ट गोष्ट नसते काय?"

मग सुलोचनानं तो धडा आपल्या बोलीत सांगायला घेतला. विलायतेतलं एक गाव. बर्फ पडलेलं.

"हूं."

"तथी एक मोठा जमीनदार राहे."

"विलायतीतबी मालक हायेच काय!" आत्या म्हणाली, आणि सगळ्या हसल्या. "हूं. सांग."

त्या जमीनदाराच्या बागेत एका माळ्यानं चाळीस वर्षं काम केलं. हूं. म्हातारा झाला, हात चालेनात, काम सुटलं. हूं. थंडी अशी पडली की विहिरीचं पाणी गोठलं. हूं. म्हातारा जमीनदाराच्या रानात गेला आणि खाली पडलेल्या सुक्या लाकडांची मोळी बांधली. हूं. राखणदारानं त्याला धरलं, मोळी खाली ठेवून घेतली आणि मालकापुढं उभं केलं. हूं. मालकानं त्याला शिपायाच्या हवाली केलं नाही. त्याला दया आली. त्यानं आपल्या अंगातला जुना कोट काढला आणि म्हाताऱ्याला दिला.

आत्याचा हुंकार आला नाही.

सुलोचनाला वाटलं ऐकू गेलं नाही. ती पुन्हा म्हणाली, "आत्या, कोट देल्ला त्यानं."

"आयकलं म्या. मोळी?"

"मोळी काय?"

"मोळी त्याले देल्ली का नाई?"

सुलोचनानं पुस्तक चाळलं. "नाई. मोळी मालकाच्याच अंगणात राह्यली."

"मंग नाई देत मी हूं." आत्यानं हातातली पत्ती बाजूला टाकली. "चाळीस वर्सं ज्याच्या बागीत खपला, त्याच्या घरी सरपण काहून नोतं? खाली पडलेलं लाकूड, वाळलेलं. आपल्या इथं कापसाच्या वाळल्या पराट्या उपटल्या तं निम्म्या मालकाच्या, निम्म्या आपल्या. एवढंबी नाई त्या गावात? आन् कोट नवा होता का उतरलेला?"

"जुना."

"हूं," आत्या म्हणाली, पण तो हुंकार गोष्टीला नव्हता.

 कोट नवा की उतरलेला हे आत्यानं का विचारलं ते सुलोचनाला माहीत होतं. छप्पन साली आमच्या वस्तीनं धम्म घेतला, तेव्हा ज्या गोष्टी सोडायच्या ठरल्या त्यात एक ही होती: कोणाचं उतरलेलं अंगावर घ्यायचं नाही. ज्या घरच्या शेतात आत्या राबत होती, त्या घरची बाई दर दिवाळीला जुनं लुगडं कुंपणावरून टाकी. त्या दिवाळीला आत्यानं ते उचललं नाही. म्हणाली, "बाई, मजुरी वाढवा. लुगडं मी इकत घेईन." पुढची दोन वर्षं तिला त्या शेतात काम मिळालं नाही. लुगडं तीन दिवस कुंपणावर होतं. मग कोणीतरी काढून नेलं. आमच्यापैकी नाही.

सुलोचना सात वर्षं शाळेत इंग्रजी शिकली. पण धडा वाचायचा कसा हे तिला त्या संध्याकाळी समजलं, असं ती सांगते. तिनं धड्याचा शेवट पुन्हा वाचला. शेवटी म्हातारा गुडघे टेकून रडतो. मालक घरी जातो, त्याला फार समाधान वाटतं, आणि त्या रात्री त्याच्या शेकोटीत लाकडं उशिरापर्यंत जळत राहतात. सुलोचना थांबली आणि म्हणाली, "आत्या, शेकोटीत लाकडं जळून राह्यली असं लिहेल हाय इथं. तीच मोळी असन काय?"

आत्या म्हणाली, "लिहिणाऱ्याले मालूम हाय मंग. लिहिणारा बरा माणूस दिसते. आता देतो हूं."

परीक्षेत नेमका तोच प्रश्न आला. जमीनदाराचं औदार्य लेखकानं कसं दाखवलं आहे? दहा गुण. वर्गात उतरवून दिलेलं उत्तर सुलोचनाला तोंडपाठ होतं. तिनं ते लिहिलं नाही. तिनं लिहिलं की हे औदार्य नाही. कोट जुना आहे. मोळी परत दिलेली नाही. चाळीस वर्षांच्या कामानंतर म्हाताऱ्याकडे सरपण नाही, याचं कारण मालक विचारत नाही. पण लेखकाला ते माहीत असावं, कारण शेवटच्या ओळीत मालकाच्या शेकोटीत लाकडं जळतात. लेखक मालकाची स्तुती करत नाही. तो आपल्याला त्याची शेकोटी दाखवतो.

इंग्रजीत हे किती शुद्ध होतं मला सांगता येणार नाही. सरांनी व्याकरणाची एकही चूक काढलेली नव्हती. लाल शाईनं आडवी रेघ मारली होती आणि कडेला शेरा: 'नोट्समध्ये नाही.' एकूण गुण एकोणतीस. ज्यांना पस्तीस नाहीत त्यांचा बोर्डाचा फॉर्म शाळा पाठवणार नव्हती. शाळेचा निकाल चांगला दिसावा म्हणून.

म्हणून ती खोली, त्या चार खुर्च्या.

सर वाईट माणूस नव्हते. हे मला मान्य करावं लागतं आणि मान्य करताना जास्तच राग येतो. वाईट माणसाचं एक बरं असतं, त्याच्यावर सरळ रागावता येतं. सर वाशिमहून एस.टी.नं येत, डब्यातली पोळी एकटेच खात, कोणा मुलावर हात टाकत नसत. ते मला म्हणाले, "नामदेवराव, पेपर तपासणारा परगावी बसतो. त्याच्याकडे नमुना उत्तर असतं. त्याच्याशी जुळलं तर गुण. मी तिच्या भल्यासाठीच शून्य दिलं, म्हणजे ती सुधारेल."

मी म्हटलं, "सर, मला इंग्रजी येत नाही. एवढंच सांगा, तिनं जे लिहिलं ते धड्यात आहे की नाही?"

सरांनी पुस्तक उघडलं. शेवटचं पान काढलं. बोट ठेवून वाचलं. बोट शेकोटीवर थांबलं. मी त्यांच्याकडे बघत होतो. मग त्यांनी पुस्तक हळूच मिटलं आणि म्हणाले, "आहे तसं. पण विचारलेलं ते नाही."

तेवढ्यात हेडमास्तर बोलले. त्यांनी धडा वाचलेला नव्हता, पण त्यांना उत्तर झोंबलं होतं. का झोंबलं ते त्यांनीच सांगितलं. "तुमच्या मुलीची फी माफ आहे. पुस्तकं सरकार देतं. आम्ही पहिल्या बाकावर बसवतो. एवढं सगळं घ्यायचं आणि देणारा दयाळू नाही असं लिहायचं? ही वृत्ती बरी नाही, नामदेव. कृतज्ञता म्हणून काही असते."

सर मला नामदेवराव म्हणाले होते. हेडमास्तर नामदेव म्हणाले. मी ते नोंदवून ठेवलं आहे.

त्या क्षणी मला आत्याचा धडा पुरा कळला. हेडमास्तरांच्या लेखी फीमाफी म्हणजे त्यांच्या अंगातला कोट होता. त्यांनी तो स्वतः काढून माझ्या मुलीच्या अंगावर घातला होता, आणि मुलगी गुडघे टेकत नव्हती. मी म्हटलं, "साहेब, फीमाफी कायद्यानं आहे. ती तुमची नाही आणि माझीही नाही. त्याबद्दल आभार मानायचे तर कायद्याचे मानू." माझा आवाज चढला होता. बाहेर शिपाई घंटेची हातोडी हातात घेऊन उभा राहिला आणि टोल द्यायचा विसरला.

हेडमास्तर म्हणाले, "ठीक. मी अडून बसणारा माणूस नाही. इथंच बसून उत्तर पुन्हा लिही, मुली. बरोबर उत्तर. सर त्याला सहा गुण देतील, पस्तीस होतील, फॉर्म जाईल. खाली एक ओळ लिही, आधी चुकीचं लिहिलं त्याबद्दल माफी मागते म्हणून."

मी सुलोचनाकडे पाहिलं. पुढं होऊन मी काही ठरवणार नव्हतो. वर्ष तिचं होतं. तिनं कागद घेतला. तेव्हा कुठे सरांनी उठून चौथ्या खुर्चीवरचा गठ्ठा खाली ठेवला. ती बसली आणि न थांबता लिहीत गेली. जमीनदार दयाळू आणि उदार माणूस होता, इथपासून शेवटपर्यंत. एक स्वल्पविरामही इकडचा तिकडे नाही. सरांनी वाचलं आणि त्यांचा चेहरा उतरला. तिला येत होतं. पहिल्यापासून येत होतं.

हेडमास्तरांनी कागद उलटा करून पाहिला. "माफी कुठंय?"

ती उभी राहिली. शाळेत ती शुद्ध बोलायची, पण तेव्हा घरची बोली आली. "सर, उत्तर गाईडचं हाय, ते म्या लिहून देल्लं. माफी माई राह्यली असती. ते नाई देत."

हेडमास्तरांनी कागद फाडला नाही. नीट घडी करून फाइलीत ठेवला. म्हणाले, "पुढच्या वर्षी बघू."

फॉर्म गेला नाही.

एस.टी.च्या थांब्यावर सर आमच्याजवळ आले. पिंपळाखाली वारा लागत होता, त्यांनी मफलर कानांवर ओढला. म्हणाले, "नऊ वर्षं मी तो धडा शिकवतोय. शेवटची ओळ वाचायचो, पण माझ्या ध्यानात आली नव्हती." मी विचारलं, "मग हे खोलीत का नाही बोललात?" ते म्हणाले, "फॉर्म माझ्या हातात नसतात." मला त्यांची दया यायला हवी होती. आली नाही. शून्य त्यांच्या हातात होतं, ते त्यांनी दिलं. तेवढं तरी ते खोडू शकत होते.

गाडी आली. सर पुढच्या दारानं चढले. सुलोचनानं त्यांना नमस्कार केला. मी केला नाही.

 घरी आल्यावर सुलोचना ढिगाजवळ बसली आणि पत्ती काढायला लागली. आत्या तिच्या समोर. आत्या म्हणाली, "माह्यामुळं झालं वं बाई."

"नाई आत्या. मोळी त्यानं देल्लीच नोती."

"हूं," आत्या म्हणाली.

ज्यांना इंग्रजी येतं त्यांनी मला एक सांगावं. वर्गात पन्नास मुलं एका सुरात 'येस सर' म्हणतात, तो हुंकार कसला? आमच्या कापसाच्या ढिगाभोवती एक अडाणी बाई गोष्ट अडवू शकत होती. सांगणाऱ्याला मागं जावं लागे, राजाला राणीची बाजू ऐकावी लागे. आणि शाळा बांधली, पुस्तकं छापली, मास्तर नेमले, आणि तिथं गोष्ट अडवायची सोय नाही. जिथं हुंकार अडवता येत नाही तिथं दिलेला हुंकारही खोटाच. प्रभा घोकते ते वाक्य मी ऐकतो तेव्हा मला वाटतं की हे उत्तर पोरांना धडा समजावा म्हणून दिलेलंच नाही. कोणी काही टाकलं तर गुडघे कसे टेकायचे, याची ही तालीम आहे. आधी कागदावर. मग पुढं जन्मभर.

सुलोचनानं पुढच्या वर्षी बाहेरून परीक्षा दिली. त्या वर्षभरात ती दिवसा आत्याबरोबर कापूस वेचायला गेली, सरकारी खडीवर गेली नाही एवढंच. इंग्रजीत पास झाली. बोर्डात तिनं उत्तरं कोणती लिहिली, गाईडची की स्वतःची, हे मी विचारलं नाही आणि तिनं सांगितलं नाही. मग डी.एड. केलं. गेल्या वर्षी कामरगावच्या बाजूला एका लहान गावात शिक्षिका म्हणून लागली. तिच्या वर्गात एकदा मी मागं जाऊन बसलो. ती गोष्ट सांगत होती, पोरं हुंकार देत होती. मधेच खिडकीजवळच्या एका मुलीनं तोंड मिटून घेतलं. सुलोचना थांबली. "काय झालं वं? काहून थांबली?" ती मुलगी म्हणाली, "कोल्हा असा मूर्ख नसते, बाई." मग निम्मा तास कोल्ह्यावर गेला. ठरलेला धडा पुरा झाला नाही. तपासणीला साहेब आले असते तर तिची खैर नव्हती. ते येतील तेव्हा मला कळव, असं मी तिला सांगून ठेवलं आहे. मी येईन आणि उभा राहीन.

आता हिशेब. शाळेला आम्ही काही दिलं नाही. बोर्डाला बाहेरून बसण्याची फी पदरची भरली. सुलोचनाचं एक वर्ष गेलं, ते कोणाच्या खात्यावर जमा झालं हे मला आजतागायत सापडलेलं नाही. तिचे दहा गुण शाळेकडून येणं आहेत. ते मी सोडलेले नाहीत.

पहिल्या पगारातून सुलोचनानं कारंज्याहून एक लुगडं आणलं. कोरं, दुकानाची घडी न मोडलेलं, काठाला कागदाची चिठ्ठी तशीच. तिनं ते आत्यापुढं ठेवलं. आत्यानं हात लावला नाही. "कायचं हे? म्या कोणाचं फुकट घेत नाई. तुलेबी मालूम हाय."

"फुकट नाई आत्या. इंग्रजीच्या शिकवणीची फी हाय."

आत्यानं चिठ्ठी फाडली, लुगडं उलगडून उजेडाकडे धरलं, पोत पाहिला, दुमडून मांडीवर घेतलं. "फी असन तं घेतो," ती म्हणाली. "पण लई उशिरा देल्ली."